ताडपत्राला हात लावण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा बाली लिपीच्या (इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या लिपीच्या) सरावाचा कागद पाहिला. अठराच्या अठरा व्यंजनं बरोबर आली आहेत, पण हात अजून देवनागरीचाच आहे. ह-न-च-र-क ही ओळ बघ. प्रत्येक अक्षर तू वरून टांगल्यासारखं काढलं आहेस. बाली लिपीला शिरोरेघ नाही. तीही ब्राह्मीच्याच कुळातली, दक्षिण भारतातली पल्लव आणि जुन्या जावातली कावी या लिपींमधून आलेली, म्हणून ओळखीची वाटते आणि तिथेच फसायला होतं. इथे अक्षराचा तोल माथ्यावर नसतो, पोटाच्या गोलाईवर असतो. माथी जुळवत बसू नकोस, पोटांची उंची सारखी ठेव.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. शब्दाच्या मध्ये दोन व्यंजनं भेटली की तू सरळ ‘अडेग-अडेग’ लावून मोकळा होतोस. ही आपल्या पाय मोडण्याची खूण खरी, पण तिची जागा वाक्य थांबतं तिथे. व्यंजनं शब्दाच्या मध्ये भेटली तर पुढच्या व्यंजनाचं वेगळं रूप पहिल्याच्या खाली लटकतं, ते गांतुंगान. प, स यांसारखी काही रूपं शेजारी चिकटतात, ती गेम्पेलान. ही रूपं मूळ अक्षरांइतकीच घोटावी लागतात, तिथे सुटका नाही. आणि ‘तालेंग’, म्हणजे एकाराची खूण, व्यंजनाच्या डावीकडे बसते. तुझ्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती एकटीच राहिली आहे आणि तिचं अक्षर खालच्या ओळीत गेलं आहे. शब्द ओळीअखेर तुटला तरी चालतो, पण अक्षर आणि त्याची खूण यांची ताटातूट चालत नाही.

आता पानाबद्दल. ताडगोळ्यांच्या झाडाचंच हे पान, पण ते वाळवून, भिजवून, औषधी पाल्यासोबत उकळून, पुन्हा वाळवून लाकडी दाबात महिनोन् महिने ठेवतात. पहिली दहा-वीस पानं तयारच घे. साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंदीत चार ओळी बसतात. एका ओळीला जेमतेम पाऊण सेंटिमीटर मिळतो आणि त्यातच वरची वेलांटी (उलू) आणि खालचं गांतुंगान मावलं पाहिजे. ओवण्यासाठी पाडलेल्या तीन भोकांभोवती जागा सोड.

लिहायचं ते शाईने नाही, पेंग्रुपाकने, म्हणजे तिरक्या टोकाच्या छोट्या सुरीने. सुरी उजव्या हातात धरायची आणि डाव्या अंगठ्याने पात्याला मागून आधार द्यायचा. नवख्याचा अंगठा सुटतो, मग जोर सगळा मनगटातून येतो आणि रेघ कुठे खोल, कुठे उथळ पडते. खोल गेली तर पानाच्या पाठीवर उमटते, आणि पाठीवरही लिहायचं असतं. उथळ राहिली तर नंतर चोळायची काजळी धरत नाही. सरळ आडवी रेघ तंतूंच्या दिशेने जाते आणि पान चिरतं. गोलाईचा आग्रह केवळ देखणेपणासाठी नाही.

कोरताना अक्षर जवळजवळ दिसतच नाही. जंगली अक्रोड काळा होईपर्यंत जाळून, त्याची तेलकट काजळी पानावर चोळली आणि फडक्याने पुसली की खाचांत काळं राहतं. पुसायची घाई नको, काजळी आधी खाचांत मुरू दे. पुढे पानं टिकावीत म्हणून गवती चहाचं तेल लावतात, त्याने कीड लांब राहते.

चूक झाली तर खोडता येत नाही. जुने लेखक चुकलेल्या अक्षराला उलू आणि सुकू, म्हणजे इकार आणि उकार, दोन्ही एकदम लावत. असं अक्षर उच्चारताच येत नाही, वाचणारा समजून पुढे जातो. बालीतल्या सिंगाराजा शहरातल्या गेडोंग कीर्त्या या ताडपत्र-पोथ्यांच्या संग्रहात (स्थापना १९२८) जाणं झालं तर पोथ्यांमध्ये अशी अक्षरं मुद्दाम शोध.

पुढच्या कागदावर नवीन मजकूर नको. आहे तीच ओळ, दोन बोटं अंतर ठेवून, वीस वेळा. मधल्या दहा ओळी डोळे मिटून काढ आणि त्याही पाठव.