पट्टी सैलावली, पण कशामुळे?

प्रिय,

ऑर्गन बाथमधली (ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यातली) स्नायूची पट्टी सैलावली म्हणून लगेच वहीत ‘नायट्रिक ऑक्साइड’ लिहू नकोस. हा वायू ॲसिटिलकोलिन या चेतासंदेशकासारखा पुटिकांमध्ये (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) साठवलेला नसतो आणि पेशीपटलावर त्याचा रिसेप्टरही नसतो. चेतातंतूच्या टोकाला कॅल्शियम शिरलं की एनओएस (नायट्रिक ऑक्साइड सिंथेज) हे एन्झाइम एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो तिथल्या तिथे बनवतं. तो पटलातून थेट स्नायूपेशीत जातो, ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमच्या हीममधल्या लोहाला चिकटतो, सीजीएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) वाढतं आणि आतलं कॅल्शियम उतरतं. मग पुरावा मिळवायचा तर साखळीची एकेक कडी तोडूनच बघावी लागते.

सुरुवात रॅटच्या गुदद्वाराजवळच्या ॲनोकॉक्सिजियस स्नायूपासून कर. क्रेब्ज द्रावण (शरीरद्रवासारखं क्षारांचं पाणी) 37 अंशांवर ठेव आणि त्यातून 95 टक्के ऑक्सिजन, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सोड. नुसत्या ऑक्सिजनवर सामू 7.4 च्या वर चढतो. तासभर पट्टी स्थिरावू दे, दर 15 मिनिटांनी द्रावण बदल. ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखायला ॲट्रोपिन 1 मायक्रोमोलर, नॉरॲड्रेनलिन सुटू नये म्हणून ग्वानेथिडिन 10 मायक्रोमोलर, आणि ताण पुरेसा नसेल तर स्नायू आकुंचवणारं फिनाइलएफ्रिन घाल. आधीच ढिल्या पट्टीत शिथिलन दिसणार कसं? नवशिक्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं. फेन्टोलामिन मात्र टाकू नकोस, ते अल्फा रिसेप्टर अडवतं, त्याने फिनाइलएफ्रिनच निकामी होईल.

विद्युत उद्दीपनासाठी 0.5 मिलिसेकंदांचे स्पंद दे, 1 ते 10 हर्ट्झवर. चेतातंतूंचे संदेश थांबवणारं टेट्रोडोटॉक्सिन (1 मायक्रोमोलर) घातल्यावरही प्रतिसाद उरला, तर स्पंद बहुधा लांब आहेत आणि वीज थेट स्नायूलाच बसते आहे.

खरी कसोटी पुढे आहे. एनओएस रोखणारं एल-नेम 100 मायक्रोमोलर, 20 ते 30 मिनिटं. त्याने कधीकधी मूळ ताणच वाढतो, म्हणून शिथिलन ग्रॅममध्ये न मांडता आधीच्या ताणाच्या टक्केवारीत मांड. प्रतिसाद गेला की स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड दे. पट्टी आता सैलावली तर स्नायू शाबूत आहे, अडलंय ते फक्त वायूचं उत्पादन. नाहीच सैलावली तर आधी बाटली तपास: हे द्रावण उजेडात बिघडतं, फॉइल गुंडाळल्याशिवाय ठेवू नये. जोडीला डी-नेमने (एल-नेमच्या आरशातल्या, निष्क्रिय रूपाने) काही होत नाही आणि जादा एल-आर्जिनिनने प्रतिसाद परततो, हेही दाखव.

आतड्याच्या पट्टीत एल-नेमनंतरही झटपट येणारं शिथिलन उरेल. ते बहुधा एटीपीसारख्या प्युरिनचं असतं, ॲपामिन या पोटॅशियम वाहिन्या अडवणाऱ्या विषाने कमी होतं. त्यावरून कार्बन मोनॉक्साइड या दुसऱ्या वायुरूप संदेशकाचा तर्क करण्याची घाई नको. तो वायू बनवणारं हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम रोखायला वापरतात ती झिंक प्रोटोपॉर्फिरिन एनओएस आणि ग्वानिलेट सायक्लेजलाही दाबू शकते, त्यामुळे तिच्या एकट्या साक्षीवर मी तरी निष्कर्ष काढणार नाही.