पोकळ रोलर वजन कमी झाल्यामुळे घन रोलरपेक्षा जास्त टिकतो का? भोक किती ठेवावं?

टिकू शकतो. पण ‘वजन कमी झालं म्हणून टिकतो’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते आधी खोडा. याच समजुतीपायी भोसरीत एका माणसाचं काम गेलेलं मी पाहिलंय.

वेल्डिंगच्या जॉबसाठी आम्ही दीड मीटर व्यासाच्या ट्रॅकचं फिरतं टेबल बनवलं होतं. खाली ईएन ३१ चे, म्हणजे बेअरिंगच्या पोलादाचे रोलर, ६० मिमी व्यास आणि लांबीही तेवढीच. साहेबांनी प्रत्येकात ३० मिमीचं आरपार भोक सांगितलं. त्यांचं म्हणणं, मधलं लोखंड फुकट बसलंय. शिवाय पोकळ रोलर भाराखाली जरा चपटतो, संपर्काची पट्टी रुंदावते, शेजारचे रोलरही भार घेतात आणि हर्ट्झचा, म्हणजे संपर्कपट्टीवरचा दाब उतरतो. हा दुसरा मुद्दा खराच आहे. मी एवढंच म्हटलं, भोक रीमरने साफ करू आणि हार्डनिंगनंतर आतून होनिंग करू, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करू. उत्तर आलं, "आत काय घासतंय?" ड्रिल मारलेले रोलर तसेच हार्डनिंगला गेले.

आठ महिन्यांत पहिला रोलर उभा चिरला, मग आणखी तीन. बाहेरून सगळे आरशासारखे, पिटिंगचा, म्हणजे खड्ड्याचा ठिपका नाही. घन रोलर असा जात नाही. त्याच्यात शिअर, म्हणजे थर सरकवणारा ताण, सगळ्यात जास्त असतो तो पृष्ठभागाच्या जरा खाली, संपर्कपट्टीच्या निम्म्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर. भेग तिथे जन्मते, वर येते आणि खपली उडते. आमच्याकडे खपली कुठेच नव्हती.

साहेबांनी निकाल दिला: हार्डनिंग बिघडलं. कडकपणा रॉकवेल ६० भरत होता, ड्रॉइंगवर ५८ ते ६२ होतं. तरी हार्डनिंगवाल्या काकांचं बिल अडकवलं आणि पुढचं काम बंद केलं.

मी एक रोलर चिरेवर उघडला आणि भिंगाखाली धरला. शिंपल्यावर असतात तशी वलयं, एकात एक, आणि सगळ्यांचं मूळ भोकाच्या कडेला, ड्रिलच्या एका ओरखड्यावर. बाहेरच्या कातडीजवळचा भाग तेवढा खरबरीत, म्हणजे तो शेवटी तुटलेला.

हिशेब केला. रोलरवर ८ टन धरले तर बाहेर संपर्काचा दाब सुमारे १,३०० मेगापास्कल येतो आणि भोकाच्या आत, भाराच्या रेषेवर, ताण येतो सुमारे २८०. साहेब म्हणाले, "तेराशेला काही होत नाही आणि पावणेतीनशेला फुटतो?" हो, फुटतो. तेराशेचा दाब चहूबाजूंनी आवळतो, भेगेला मिटवून धरतो. आतला ताण भेगेचं तोंड उघडतो, आणि ओरखड्याच्या तळाशी तो आणखी कितीतरी वाढतो. पाव फेरीनंतर तीच जागा दाबात जाते, पुन्हा पाव फेरीने ताणात. म्हणजे रोलरच्या एका फेरीत दोन हिसके. टेबल मिनिटाला २ फेरे घेत असलं तरी रोलर २५ घेतो, म्हणजे मिनिटाला ५० हिसके. आठ तासांत २४,००० आणि कामाच्या २०० दिवसांत ४८ लाख.

‘मग बारीकच भोक पाडू’ हाही उपाय नाही. घन रोलरच्या मध्यावर आडवा ताण मुळातच असतो. भोक सुईएवढं केलं तरी त्याच्या काठावर तो सहापट होतो. फुकट बसलेलं लोखंड रोलरमध्ये नसतंच.

भोकाचा आकडा मी सांगणार नाही, कारण तुम्ही भार लिहिलेला नाही. भोक वाढवत गेलात की भिंत वाकायला लागते आणि आतला ताण झपाट्याने चढतो, हे मात्र धरून चाला.

पोकळ रोलर वाईट असं मी म्हणत नाही. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये ते किंचित मोठे घेऊन दाबून बसवतात आणि स्पिंडल घट्ट, अचूक फिरतो. रोलिंग मिलच्या मोठ्या बेअरिंगमध्ये केजच्या, म्हणजे रोलर जागेवर धरणाऱ्या सांगाड्याच्या पिना रोलरच्या भोकातूनच जातात. फार वेगात वजन कमी असल्याचा खरा फायदाही मिळतो, कारण बाहेरच्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, केंद्रोत्सारी भार कमी पडतो. म्हणूनच १९७० च्या आसपास नासाने जेट इंजिनांच्या वेगासाठी पोकळ बॉल करून पाहिले. तेही आतल्या वाकण्याने फुटले. या सगळ्यात आतला पृष्ठभाग बाहेरच्याइतक्याच काळजीने करावा लागतो. ड्रिलची रेघ राहू देऊ नका, कडा गोल करा, आणि हार्डनिंगमध्ये आतून कार्बन उडालेली कातडी घासून काढा.

आणि तुमचा रोलर फुटलाच, तर हार्डनिंगवाल्याला फोन लावायच्या आधी तो उघडा, भिंगाने मूळ शोधा, फोटो काढा आणि त्यावर तारीख टाका. माझ्याकडे फोटो नव्हता. तो तुकडा साहेबांच्या टेबलावरून दुसऱ्या दिवशी भंगारात गेला आणि काकांच्या बाजूने दाखवायला माझ्या हातात काही उरलं नाही.