तीस हजारांची व्हाउचर्स आहेत, म्हणून फ्रिज घ्यायचा का?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या हिंजवडीत नोकरी करतात. पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून कंपनीनं ऑक्टोबरमध्ये त्यांना एका ऑनलाइन स्टोअरची दहा-दहा हजारांची तीन व्हाउचर्स दिली, आणि दिवाळीचं दोन हजारांचं एक वेगळं. दोन हजारांचं व्हाउचर वापरायचं राहून गेलं आणि ३१ डिसेंबरला संपलं. बाकीची तीन ३१ मार्चला संपणार आहेत. घरातला फ्रिज नऊ वर्षांचा आहे, दार नीट लागत नाही. म्हणून त्यांनी ५८,४९० रुपयांचा नवा फ्रिज निवडला, पहिला कोड टाकला, दहा हजार वजा झाले. दुसरा कोड टाकल्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं: एका ऑर्डरला एकच व्हाउचर. आता उरलेली रक्कम हप्त्यांवर घेऊन फ्रिज आणावा, की ऑफिसमधला एक सहकारी १५ टक्के कापून तिन्ही व्हाउचर्स २५,५०० रुपयांना घ्यायला तयार आहे त्याला ती देऊन टाकावीत, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "क्रेडिट कार्डाचे ४१,००० थकलेत, सध्या मिनिमम भरते आहे."

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेल्या ओळीपासूनच मी सुरुवात करतो.

त्या ४१,००० रुपयांवर तुमचं कार्ड महिन्याला साडेतीन टक्के व्याज लावतं. म्हणजे १,४३५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून महिन्याला जवळजवळ १,६९३ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत त्या कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. आणि तुमच्याच पत्रात असंही आहे की बचत खात्यात ८५,००० रुपये "हात लावायचा नाही" म्हणून ठेवलेले आहेत. अडीअडचणीसाठी पैसे बाजूला ठेवण्याची तुमची सवय मला मनापासून आवडली. पण बचत खात्यावर वर्षाला मिळणारं व्याज आणि कार्डावर एका महिन्यात जाणारं व्याज शेजारी शेजारी मांडून बघा. आजच्या आज त्यातून ४१,००० काढा आणि कार्ड पूर्ण फेडा. खात्यात ४४,००० उरतील, म्हणजे तुमचा साधारण एका महिन्याचा घरखर्च. तेवढीच शिल्लक हाताशी ठेवून दोन-तीन महिने काढण्यात मला धोका दिसत नाही, कारण कार्डाची मर्यादाही मोकळी झालेली असेल. ही ४१,००० ची तूट व्हाउचर्सच्या मदतीनं कशी भरून काढायची ते पुढे सांगतो.

आता फ्रिज. तुम्ही स्क्रीनचे दोन फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. पहिल्या फोटोत व्हाउचर नाही, तिथे बँकेच्या कार्डावर ३,००० रुपयांची सूट दिसते, देय रक्कम ५५,४९०. दुसऱ्या फोटोत व्हाउचर लागलं आहे, पण ती सूट नाहीशी झाली आहे. देय रक्कम ४८,४९०. म्हणजे दहा हजारांच्या कागदानं तुमचे सात हजारच वाचले. तीन हजार रुपये कुठे गेले हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं, ते असे दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं. उरलेले ४८,४९० बारा हप्त्यांत, सोळा टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला सुमारे ४,४००. एवढं करूनही दोन व्हाउचर्स हातात उरणारच. हा फ्रिज या व्हाउचर्सवर घेऊ नका.

तुमच्या पत्रातला संताप मला समजतो, आणि तो रास्त आहे. ही काही फुकटची भेट नाही. जानेवारीच्या पगारपत्रकात कंपनीनं एकूण ३२,००० मधून करमुक्त ५,००० वगळून २७,००० रुपये पर्क्विझिट म्हणून, म्हणजे पगाराव्यतिरिक्त मिळालेला लाभ म्हणून, तुमच्या उत्पन्नात धरलेत. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह ५,६१६ रुपये कर तुमच्या पगारातून रोख कापला गेला. जे दोन हजार संपून गेले, त्यांच्यावरही तुम्ही कर भरला आहे. कर रोखीत आणि मिळकत अटींमध्ये गुंडाळलेली, हे कुणालाही खटकेल.

मुदतीचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येणाऱ्या गिफ्ट कार्डांना किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते, आणि एका कार्डाची किंमत १०,००० च्या वर असू शकत नाही. मग तुम्हाला साडेपाचच महिने का मिळाले? बहुधा कारण असं, की वर्ष मोजलं जातं ते व्हाउचरमध्ये रक्कम भरली गेली त्या दिवसापासून. काही कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला गठ्ठ्यानं खरेदी करून ठेवतात, आणि कर्मचाऱ्याच्या हातात पडेपर्यंत निम्मं वर्ष कपाटातच सरलेलं असतं. व्हाउचर्स ज्यात आली त्या चंदेरी पाकिटावर मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, बारीक अक्षरांत जारी केल्याची तारीख असेल. ती बघा.

तिथेच आणखी एक ओळ शोधा: हे व्हाउचर कुणी जारी केलं आहे? माझ्या मते पाकिटावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. स्टोअरनं स्वतःच्या दुकानापुरतं काढलेलं व्हाउचर असेल, तर रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्याला लागू होत नाहीत. तिथे स्टोअरच्या अटी आणि ग्राहक कायदा एवढंच हातात राहतं. पण जारी करणारी कंपनी रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली प्रीपेड कार्डांची कंपनी असेल, तर २७ ऑगस्ट २०२१ चे निर्देश लागू होतात. त्यांनुसार मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्डधारकाला सावध करणं बंधनकारक आहे. शिवाय, बँक नसलेल्या कंपनीला मुदत संपल्यावर उरलेली रक्कम किमान तीन वर्षं आपल्या नफ्यात घेता येत नाही, आणि धारकानं परतावा मागितला तर तो बँक खात्यात द्यावा लागतो. म्हणजे तुमचे ते दोन हजार कदाचित अजून गेलेले नाहीत. आजच ईमेल लिहा. व्हाउचर क्रमांक, रक्कम, मुदत संपल्याची तारीख आणि "उरलेली रक्कम माझ्या बँक खात्यात परत करावी" एवढं एक वाक्य. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

स्टोअरचं स्वतःचं व्हाउचर निघालं, तर रस्ता वेगळा. आधी तुमच्या एचआरला गाठा. स्टोअरच्या लेखी खरा गिऱ्हाईक तुमची कंपनी आहे, तुम्ही नाही. गठ्ठ्यानं खरेदी करणाऱ्यानं शब्द टाकला तर मुदत वाढवून मिळाल्याची उदाहरणं माझ्याकडे येणाऱ्या लोकांमध्ये मी पाहिली आहेत, आणि तेच एकट्या कर्मचाऱ्यानं कस्टमर केअरला दहा फोन करून झालं नव्हतं. त्यानेही काम झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. पण दोन हजारांसाठी तारखांना रजा टाकायला मी सांगणार नाही. १९१५ पर्यंत जरूर जा.

न वापरलेल्या व्हाउचरांच्या रकमेला हिशेबाच्या भाषेत "ब्रेकेज" असं नावच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला निघालेल्या जीएसटीच्या परिपत्रकात या रकमेवर जीएसटी लागत नाही असा खुलासा करावा लागला. खुलासा करावा लागतो, यावरून ही रक्कम किरकोळ नसणार हे समजून घ्या.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. आईला मिक्सर घ्यायचा होता. माझ्याकडे एका दुकानाचं ३,००० चं कार्ड होतं. मिक्सर निघाला २,३८० चा. काउंटरवरच्या मुलानं कार्डावरची पट्टी नाण्यानं खरवडली, कोड टाकला, बिल दिलं आणि कार्ड कात्रीनं कापून टोपलीत टाकलं. उरलेले ६२० कुठे, असं विचारलं, तर त्यानं कार्डाच्या पाकिटावरची एक ओळ दाखवली: एकाच वेळी वापरावे. आईनं त्या टोपलीकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यात महिन्याची डाळ आली असती." तेव्हापासून मी कुणालाही व्हाउचरबद्दल बोलताना आधी डाळीचं विचारतो.

तुम्हालाही तेच विचारतो आहे. व्हाउचरची रोकड स्टोअरच्या काउंटरवर होत नाही, ती आपल्या घरखर्चाच्या वहीत होते. जी गोष्ट तुम्ही येत्या दोन-तीन महिन्यांत रोख देऊन आणणारच होतात, तीच व्हाउचरवर आणली, की तेवढी रोकड खात्यात राहते. नवी हौस व्हाउचरवर भागवली, तर व्हाउचरही जातं आणि वरची भर खिशातून पडते.

तुम्ही महिन्याला त्याच स्टोअरवरून पाच हजारांचं किराणा सामान मागवता असं लिहिलंय. पहिलं व्हाउचर त्यात घाला. फेब्रुवारी-मार्चचं टिकाऊ सामान एकाच ऑर्डरीत: तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साबण, धुण्याची पावडर. बेरीज १०,००० च्या थोडी वर जाऊ द्या, खाली नको, कारण तुमच्या अटींतही उरलेली रक्कम बुडते असं लिहिलं आहे. डिलिव्हरीचे पैसे धरून नव्हे, वस्तूंची बेरीज बघा. भाजी-फळं यात घालू नका, खराब निघाली तर परतावा पुन्हा त्यांच्याच वॉलेटमध्ये जातो, आणि त्या वॉलेटच्या मुदतीचा नवा घोर लागतो.

दुसरं व्हाउचर मे महिन्यातल्या भाचीच्या लग्नाच्या आहेरासाठी आणि वडिलांच्या बीपी मशीनसाठी ठेवा. दोन्ही खर्च तुमच्या यादीत आधीपासून आहेत. कुकर-मिक्सर निवडण्याआधी एकदा तापकीर गल्लीत आणि तुळशीबागेत भाव विचारून या. तिथे तीच वस्तू तीनशेनं स्वस्त असेल, तर तुमचं व्हाउचर ९,७०० चंच आहे असं धरा, तरी ते चालेल. हजाराचा फरक असेल, तर वस्तू बदला. मुलाचे शाळेचे बूट आत्ता घेऊ नका, जूनपर्यंत पाय वाढतो. वह्या-पुस्तकांना तर अप्पा बळवंत चौक आहेच.

तिसऱ्यासाठी सहकाऱ्याची मदत घ्या, पण कोड विकू नका. बऱ्याच व्हाउचरांच्या अटींत पुनर्विक्रीला मनाई असते, आणि कोड चालला नाही तर ऑफिसात रोज त्याच माणसासमोर बसायचं आहे. त्यापेक्षा त्याला विचारा, "तुला पुढच्या महिन्यात काय मागवायचंय?" ती दहा-साडेदहा हजारांची वस्तू तुम्ही तुमच्या खात्यातून त्याच्या पत्त्यावर मागवा. दहा हजारांच्या भागाचे तो तुम्हाला ९,५०० देईल आणि वरची रक्कम पूर्ण देईल, दोन्ही आधी यूपीआयनं. त्याचे पाचशे वाचले, तुमचे १५ टक्क्यांऐवजी पाचच टक्के गेले. बिल तुमच्या नावावर येईल, म्हणून मोठी वॉरंटी लागणारी वस्तू टाळा. चादरी, भांडी, बॅगा असं काही बघा.

अशा तऱ्हेनं भावातला चारशेएक रुपयांचा फरक धरूनही तुमच्या हाती सुमारे २९,१०० पडतात. सहकाऱ्याला सगळं विकलंत तर २५,५००. कार्ड तुम्ही आजच फेडणार असल्यामुळे घाईनं विकण्याचं कारणही राहत नाही. मुदत पंधरा दिवसांवर आली असती आणि यादीत काहीच नसतं, तर मीच म्हणालो असतो की १५ टक्के सोडा आणि मोकळ्या व्हा. तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत.

बचत खात्यातून काढलेल्या ४१,००० पैकी २९,१०० असे परत येतील. उरलेले बारा हजार फ्रिजच्या न घेतलेल्या हप्त्यातून भरा, महिन्याला ४,४०० प्रमाणे तीन महिने. कार्डाच्या व्याजाचे जे १,६९३ आता जाणार नाहीत, तेही त्यात टाकलेत तर अजून लवकर होईल.

एचआरशी बोलायला जाल, तेव्हा एक गोष्ट लेखी मागून या: पुढच्या वर्षीचं बक्षीस पगारातून द्या. करमुक्त भाग सोडला, तर कर व्हाउचरवरही लागतो आणि पगारावरही. मग खात्यात जमा झालेले रुपये घेतलेले बरे, त्यांना ३१ मार्च नसतो. तुमच्यासारखे आणखी दहा-बारा जण सह्या करतील, विचारून बघा.

तिन्ही ऑर्डरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पंधरा मार्चपर्यंत संपवा, म्हणजे एखादी ऑर्डर स्टोअरनं रद्द केली तरी पुन्हा करायला वेळ राहील. आणि कोड टाकण्याआधी त्या दिवशीच्या अटींचा फोटो काढून ठेवा.

फ्रिजच्या दाराबद्दल तुम्ही लिहिलंय की कागद मध्ये धरला तर सहज निघून येतो. हे बहुतेक वेळा दाराच्या रबराचं लक्षण असतं. आधी मिस्त्रीला बोलावून ते रबर, म्हणजे गॅसकेट, बदलून घ्या. तरीही थंडावा टिकला नाही, तर जूनमध्ये मला पुन्हा लिहा. तोवर कार्ड कोरं असेल, आणि बँकेची ती तीन हजारांची सूट घेऊन फ्रिज एकरकमी कसा घ्यायचा ते बघू.