फिट जमला, आता खरं काम

प्रिय,

तुझी मेल मिळाली. जूनो यानाच्या सिग्नलवरून गुरूचं गुरुत्व काढण्याच्या तुझ्या फिटमध्ये रेसिड्युअलचा, म्हणजे मोजमाप आणि मॉडेल यांतल्या फरकाचा, आलेख सपाट आल्याचा आनंद त्याखालच्या तीन उद्गारचिन्हांतूनच कळला. पण सोबतची पॅरामीटरची यादी वाचली आणि थोडा धसका घेतला. दर काही मिनिटांनी बदलणारी अज्ञात त्वरणं तू यानावर लावली आहेस. एवढी मोकळीक दिल्यावर आलेख सपाट येणारच, त्यात गुरूचं काय कर्तृत्व?

मोजायचं काय आहे ते आधी पाहा. पेरिजोव्हला, म्हणजे कक्षेतल्या गुरूच्या सर्वांत जवळच्या बिंदूला, जूनो गुरूच्या ढगांवरून साधारण ४,००० किमी उंचीवर असतं आणि वेग ताशी दोन लाख किमीच्या वर. त्या वेगात आपण सेकंदाला ०.०१ मिमी इतका फरक शोधतो. केए या रेडिओ बँडवर, ३२ गिगाहर्ट्झच्या आसपास, सिग्नल जाऊन परत येईपर्यंत हा फरक सुमारे ०.००२ हर्ट्झ एवढा भरतो. हे गणित एकदा स्वतः हाताने कर, तोवर विश्वास बसत नाही. या पातळीवर यानाला जे काही ढकलतं आणि लहरीला जे काही उशीर करतं, ते सगळं गुरुत्वाकर्षणाच्या वेषात समोर येतं. सौर पॅनेलवरचा सूर्यप्रकाशाचा दाब, यानाचं स्वतःभोवती फिरणं, गुरूचा चंद्र आयो याच्या ज्वालामुखींतून सुटलेल्या वायूचा प्लाझ्मा टोरस (विद्युतभारित कणांचं कडं), गोल्डस्टोनच्या अँटेना-केंद्रावरच्या हवेतली वाफ. प्लाझ्माचा परिणाम वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून एक्स आणि केए या दोन्ही बँडवरचे रेडिओ दुवे असले की तो वजा करता येतो. वाफेला ती युक्ती लागू पडत नाही, तिच्यासाठी वाफ मोजणारा रेडिओमीटरच हवा. म्हणून प्रत्येक पासला, म्हणजे यान गुरूजवळून जातं त्या प्रत्येक वेळी, कुठले दुवे होते आणि वाफेची दुरुस्ती कुठून घेतली, हे लॉगमध्ये नोंदवत जा. कंटाळवाणं आहे, पण निम्मं विज्ञान तिथेच आहे.

आता जे३ कडे ये. जे२, जे३ वगैरे म्हणजे ग्रहाचं गुरुत्व नेमक्या गोलापेक्षा किती आणि कसं वेगळं आहे ते सांगणारे गुणक. द्रवरूप, फिरणारा, उत्तर-दक्षिण सारखा ग्रह असता तर विषम क्रमांकाचे गुणक शून्य आले असते. डिसेंबर २०१६ आणि मे २०१७ च्या दोनच पासवरून लुचियानो इएस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे३, जे५, जे७ आणि जे९ शून्य नाहीत हे दाखवलं. जे३ हा जे२ च्या जवळजवळ साडेतीन लाखाव्या हिश्श्याइतका! तरी मला मोठेपणा वाटतो तो चिन्हांचा. योहाय कास्पी यांनी वाऱ्यांवरून आधीच वर्तवलेली चारही चिन्हं जुळली, आणि वारे सुमारे ३,००० किमी खोल जातात असं निघालं. भौतिकशास्त्राने आधी बोलून ठेवलेलं असलं की आकडा पटतो.

शनीची गोष्ट उलटी आहे, आणि तुझ्या कामाला तीच जास्त जवळची. २०१७ मध्ये कॅसिनी यानाने शेवटच्या फेऱ्यांत कडी आणि ग्रह यांच्या मधल्या फटीतून डेटा दिला, तेव्हा नुसत्या अक्षसममित, म्हणजे अक्षाभोवती सगळीकडे सारख्या, गुरुत्वक्षेत्राने रेसिड्युअल सपाट होईनात. तुझ्यासारखी अज्ञात त्वरणं कॅसिनीच्या चमूलाही घालावी लागली. पण ती निरनिराळ्या प्रकारे घालून त्यांनी पाहिलं की कड्यांचं वस्तुमान हलत नाही: शनीचा चंद्र मिमास याच्या ०.४१ पट. म्हणजे त्यांनी त्वरणांची किंमत मोजली. तू ती मोजलेली नाहीस, एवढाच माझा आक्षेप.

आणखी एक. पासचा उपयोगी भाग जेमतेम काही तासांचा, आणि यान जवळ असतं तेही अक्षांशांच्या एका पट्ट्यावर. त्यामुळे वरच्या क्रमांकांचे जे-गुणक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की जे१० सुटा सांगण्यात अर्थ नाही. त्याऐवजी अक्षांशानुसार पृष्ठभागावरचं गुरुत्व आणि त्याची अनिश्चितता काढ. पेरिजोव्हच्या आसपास अनिश्चिततेचा पट्टा अरुंद दिसेल, दक्षिणेला ऐसपैस. तसा दिसला नाही तर कुठेतरी कोव्हेरियन्समध्ये, म्हणजे पॅरामीटरच्या अनिश्चितता एकमेकांशी कशा बांधल्या आहेत त्या हिशोबात, घोळ आहे.

तर शनिवारपर्यंत ती त्वरणं पूर्ण काढ, फिट पुन्हा चालव, मग एकेक प्रकार करून परत घाल. प्रत्येक वेळी जे३ किती हलतो ते लिहून ठेव आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्स पाठव. आलेख पाठवू नकोस.