पाणी कुठे मुरतंय, ते आधी मोजा

प्रश्न : गावातला नवा रस्ता वर्षभरही टिकत नाही. ग्रामसभेत लोकांनी जाब विचारला तर हे थांबेल का?
– ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा

ग्रामसभेला जरूर जा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. इंडोनेशियात हे मोजून पाहिलेलं आहे. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ६०८ गावांतल्या रस्त्यांच्या कामांवर प्रयोग केला. इंजिनिअरांनी तयार रस्ता ठिकठिकाणी खोदून दगड, वाळू, खडी किती पडली ते मोजलं, मालाचे दर आणि मजुरी स्वतंत्रपणे काढली आणि गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिली. थोडा माल वाया जातोच. तो किती, हे कळावं म्हणून आधी छोटे रस्ते स्वतः बांधून पाहिले. ही मेहनत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्याशिवाय चोरी आणि घट वेगळी काढताच येत नाही.

ज्या गावांना ‘सरकारी तपासणी होणार म्हणजे होणारच’ असं आधीच कळवलं, तिथे गायब खर्च, म्हणजे दाखवलेला पण रस्त्यात न सापडलेला खर्च, सुमारे २८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आला. सभेला जास्त लोक बोलावले तिथे मजुरीतली चोरी घटली, पण एकूण फरक किरकोळच. आपली बुडालेली मजुरी मजुराला कळते. थराखाली खडी कमी पडली हे कुणाला दिसणार? आणि तपासणीच्या गावांत कामावर नातलग लावण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून उपाय केल्यावरही पुन्हा मोजावं लागतं.

प्रश्न : दक्षता सप्ताहात आम्ही ‘भ्रष्टाचार देशाला पोखरतोय’ अशी पोस्टर्स लावतो. उपयोग होतो का?
– शिक्षिका, नाशिक

अशा मजकुराने उलटंही होऊ शकतं. नायजेरियातल्या लागोस शहरात भ्रष्टाचारविरोधी संदेश ऐकवून लोकांना लाच देता येईल असा पैशांचा एक खेळ खेळायला दिला. काही संदेशांनंतर लोक लाच द्यायला जास्तच तयार झाले. ‘सगळेच खातात’ हेच मनात ठसलं, तर एकट्याने अडून बसायला कोण धजावणार? त्यापेक्षा दाखल्याची खरी फी, मुदत आणि तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक लिहा.

प्रश्न : ज्याची तपासणी करायची, तोच ऑडिटरची फी देतो. मग खरं कोण लिहील?
– वाचक, ठाणे

तुमची शंका रास्त आहे. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषण तपासणीत हेच चालायचं. प्रयोगात ऑडिटर सोडतीने नेमले, फी एका सामायिक निधीतून दिली आणि काही मोजमापांची फेरतपासणी केली. खोटे अहवाल झपाट्याने घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. माणसं तीच होती, फक्त त्यांना कोण नेमतो, पैसे कोण देतो आणि त्यांचं काम कोण तपासतो ते बदललं.

प्रश्न : आमचा तालुक्यातला छोटा गट आहे, निधी नाही. सुरुवात कुठून करावी?
– कार्यकर्ता, बीड जिल्हा

संशय असलेलीच कामं निवडू नका. वर्षभरातल्या सगळ्या कामांच्या चिठ्ठ्या टाकून चार-पाच उचला. नाहीतर चित्र आधीच एकांगी होतं. मग माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. पाहणीला टेप घेऊन जा आणि प्रत्येक आकडा पुस्तिकेतल्या नोंदीशेजारी लिहा.