किट लेन्सने रात्रीच्या आकाशाचे फोटो धूसर येतात, नवीन लेन्स घेऊ का?

नका घेऊ, निदान आत्ता तरी नका. तुम्ही लिहिलंय की क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) आहे, तारे रेघोट्यांसारखे येतात आणि आकाश पिवळट दिसतं. यातलं लेन्समुळे फार थोडं होतंय. मी चोपडा तालुक्यातला, चार वर्षं असल्याच लेन्सवर काढली, म्हणून सांगतोय.

आधी फोकस. पहिल्या वर्षी मी एका रात्री दोनेकशे फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पिटुकल्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते, घरी कॉम्प्युटरवर बघतो तर प्रत्येक ताऱ्याचा बत्तासा झालेला! अंधारात ऑटोफोकस नुसता गुरगुरतो, त्याला पकडायला काही सापडतच नाही. म्हणून मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच) एखादा ठळक तारा (हिवाळ्यात व्याध एकदम सोपा) दहापट मोठा करून बघा आणि तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. जमलं की रिंगवर चिकटपट्टी मारायची आणि झूमला हातच लावायचा नाही, कारण किट लेन्समध्ये झूम हलला की फोकस गेलाच समजा.

रेघोट्यांचं म्हणाल तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं की तारे सरकलेले दिसतात. किती सेकंद चालेल ते काढायला ५०० ला फोकल लेंथने (१८-५५ मधला ज्यावर झूम ठेवलाय तो आकडा) भागायचं, पण क्रॉप सेन्सर असेल तर आधी फोकल लेंथला दीडने गुणायचं (कॅननला १.६). म्हणजे १८ वर साधारण १७-१८ सेकंद येतात. मी तेही जास्तच समजतो, १३-१५ वर थांबतो. एफ ३.५ (लेन्स पूर्ण उघडी), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), शटरला दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. झालं.

आता खरा मुद्दा, जो मला फार उशिरा कळला. नुसतं गावाबाहेर जाऊन भागत नाही, ज्या दिशेला कॅमेरा लावणार त्या दिशेला शहर नको. आमच्याकडून सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवच्या बाजूला गेलं की डोक्यावर आकाश मस्त असतं, पण आकाशगंगेचा गाभा (तिचा सगळ्यात उजळ मधला भाग) असतो दक्षिणेला आणि दक्षिणेला पसरलंय तापीचं खोरं, चोपडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, सगळ्यांचा उजेड तिथेच. तुमचा पिवळट रंग बहुतेक तोच. याच जागेवरून कॅमेरा उत्तरेला वळवा की मागे नुसता डोंगर आणि जंगल, ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर, स्टार ट्रेल्सला (मुद्दाम काढलेल्या ताऱ्यांच्या गोल रेषांना) याहून चांगलं काय पाहिजे! तीस-तीस सेकंदांचे सलग सव्वाशे फोटो काढा, तासाभरात तारे १५ अंश फिरतात, नंतर कॉम्प्युटरवर एकत्र करा. फक्त लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि रेषा तुटक येतात.

आकाशगंगाच हवी असेल तर चाळीसगावकडे पाटणादेवीची बाजू. तिथे उलटं आहे, शहर उत्तरेकडे आणि डोंगर दक्षिणेला. गाभा आपल्याकडून चांगला ४० अंश वर चढतो त्यामुळे डोंगर आड येत नाही, उलट फोटोला खाली छान काळी कडा मिळते. (तिथल्याच पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे मला तिथे उगाच भारी वाटतं.) पण ते अभयारण्य आहे, रात्री आत घुसू नका, बिबटे आहेत. बाहेर ओळखीच्या कुणाचं शेत बघा.

वेळ म्हणजे अमावस्येच्या आगेमागे चार दिवस, मार्चअखेरीस पहाटे चार-साडेचारला. मे महिन्यात आपल्याकडे इतकी धूळ आणि उकाडा असतो की आकाश पांढुरकं होतं आणि तापलेला सेन्सर वर आणखी दाणे (फोटोतले रवाळ ठिपके, म्हणजे नॉइज) टाकतो. दाणे कमी करायचे तर एकाच जागेचे १६ फोटो काढून सिक्वेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा (एकावर एक ठेवून एक फोटो बनवा), फुकट आहे, दाणे जवळपास चौथाईवर येतात.

आणि थंडीत केळीच्या बागेजवळ ट्रायपॉड लावू नका, ठिबकची ओल असते, अर्ध्या तासात काचेवर दव. शिवाय रात्रीची लाईट असली की कुणीतरी पाणी भरायला येतंच. माझ्या ट्रेल्सच्या ऐन चाळिसाव्या फोटोत शेजारचे काका थेट कॅमेऱ्यावर बॅटरी मारत आले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ अंधारामा?" त्यांना मोबाइलवर आधीचा एक फोटो दाखवला तर तिथेच बांधावर बसले आणि तासभर उठलेच नाहीत, बॅटरी मात्र बंद करायला तीनदा सांगावं लागलं.