मुलीचे पहिले स्पीड स्केट्स : चाकाआधी बूट बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी नऊ वर्षांची, साताऱ्यात गोडोलीत क्वाडवर (पुढं दोन, मागं दोन चाकं) शिकली, आता इनलाइन (एका रांगेत चाकं) घ्यायचे. दुकानदार 125 मिमीच्या तीन चाकांचा सेट गळ्यात मारतोय, वर "दोन नंबर मोठा घ्या, दोन वर्षं बघायला नको" म्हणतोय. दोन्हीला नाही म्हणा.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, स्पीडचा बूट तसा घेऊन चालत नाही. हा बूट घोट्याच्या खालीच संपतो, आधार फक्त टाचेला मिळतो. टाच आत हलली की मुलीनं मारलेला जोर चाकापर्यंत पोचतच नाही, आणि घोटा आत कलंडायची सवय लागते ती वेगळीच. दुकानात पातळ मोजा घालून उभं करा. सरळ उभी असताना बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवून बसली की सुटावीत, आणि टाच उचलता कामा नये. तरीही घोटा आत पडत असेल तर बूट बदलायची घाई नको. खालची फ्रेम, म्हणजे चाकं धरणारी पट्टी, ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) ढिली करून आतल्या बाजूला किंचित सरकवा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

चाकांचं म्हणाल तर मोठं चाक वेग टिकवतं, खडबडीत डांबरावर कमी अडतं, हे खरं. पण त्यानं वजन वाढतं, उंची वाढते आणि सुरुवातीला उचल घ्यायला जड जातं. तिच्या पावलाला 90 किंवा फार तर 100 ची चार चाकं भरपूर झाली. बेअरिंगवरचा एबेकचा आकडाही मनावर घेऊ नका. तो बेअरिंग किती अचूक बनवलंय हे सांगतो, वेग नाही. आपल्याकडच्या धुळीत साधं 608 चं (स्केट्सच्या नेहमीच्या मापाचं) बेअरिंग वेळेवर साफ केलेलं बरं. पावसात चालवलं तर त्याच दिवशी काढून पुसा, एखादा थेंब तेल सोडा, नाहीतर गंज ठरलेला. चाकं आतल्या कडेनं आधी झिजतात, म्हणून पहिलं तिसऱ्याच्या आणि दुसरं चौथ्याच्या जागी, बाजू उलटून लावत जा.

"स्प्रिंट की लांब पल्ला?" हे आत्ता ठरवूच नका. 200 मीटरच्या ट्रॅकवर टाइम ट्रायलमध्ये भांडण घड्याळाशी असतं. एलिमिनेशनमध्ये ठरावीक फेऱ्यांना शेवटचा बाहेर जातो, म्हणून पहिलं येण्यापेक्षा शेवटी न सापडणं महत्त्वाचं. पॉइंट्स रेसमध्ये मधल्या फेऱ्यांनाही गुण असतात, तिथं डोकं लागतं. रस्त्यावर याशिवाय 42 किमीची मॅरेथॉनही आहे. आपल्या भारताच्या आनंदकुमार वेलकुमारनं 2025 च्या स्पीड स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत 1000 मीटर आणि मॅरेथॉन, दोन्हींत सुवर्ण जिंकलं. एकाच पोराची दोन टोकं!

मुलीला एक व्हिडिओ मात्र जरूर दाखवा. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या 3000 मीटर रिलेत कोरियाच्या खेळाडूनं रेषेआधीच हात वर केले. मागच्या तैवानच्या पोरानं पाय पुढं फेकला आणि सुवर्ण 0.01 सेकंदानं फिरलं. त्याच रिलेत भारताला कांस्य मिळालं, हे लोक विसरतात. शेवटचा पाय पुढं टाकणं हा सराव आहे, रोज पाच मिनिटं करून घ्या.

आणखी एक, स्पीडच्या स्केट्सना ब्रेक नसतो. त्यामुळे टी-स्टॉप (मागचा पाय आडवा घासून थांबणं) आणि पाय फाकवून थांबणं पक्कं झाल्याशिवाय उताराचं नाव काढू नका. यवतेश्वर घाटात स्केटिंगचे रील करणाऱ्या पोरांकडं बघून तर नाहीच. हेल्मेट मात्र नवंच घ्या, जुनं नको. स्केट्स जुने चालतील, फक्त फ्रेमला बोल्टच्या भोकाजवळ चीर नाही ना, एवढं उजेडात धरून बघा.